पट्टा गुडघ्याला, भरवसा मांडीवर

कबड्डीत चढाई करणारा खेळाडू झटक्यात वळतो, पाऊल मात्र मातीत रुतलेलंच राहतं आणि गुडघ्यात टक् असा आवाज होतो. अशा वेळी बऱ्याचदा तुटतो तो एसीएल, मांडीच्या हाडाला नडगीशी बांधून ठेवणारा लिगामेंट. शस्त्रक्रियेत रुग्णाच्याच पायातली कंडरा घेऊन त्या जागी बसवतात. पुढे अनेकदा मांडीपासून पोटरीपर्यंतचा लांब ब्रेस बांधूनच रुग्ण घरी येतो. घरच्यांना वाटतं, आता हा पट्टाच गुडघा सांभाळणार. या समजुतीपायी बरं होणं लांबतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रेस थोडे दिवस आधार देतो. गुडघा सांभाळायचा असतो तो मांडीच्या पुढच्या स्नायूने.

याला आधार आहे. राइट आणि फेट्झर या संशोधकांनी २००७ मध्ये एसीएल शस्त्रक्रियेनंतरच्या ब्रेसवरच्या १२ चाचण्या एकत्र तपासल्या. वेदना, गुडघ्याची हालचाल, स्थैर्य किंवा पुन्हा होणारी दुखापत, यांपैकी कशातही ब्रेसमुळे सुधारणा होते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. कारण समजण्यासारखं आहे. पट्टा हाडाला धरत नाही, कातडी आणि मांसाला धरतो. जोराचा पीळ पडला की आतलं हाड सरकायचं ते सरकतंच. उलट २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खेळाकडे परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं तितकं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्यामागे सुमारे ५१ टक्क्यांनी कमी दिसलं. दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झालेल्यांनाही दुखापती कमी झाल्या. तिथे उपयोगी पडला तो वेळ आणि व्यायाम.

मग डॉक्टर ब्रेस देतातच का? प्रश्न रास्त आहे. शस्त्रक्रियेनंतर गुडघा सुजतो आणि सुजेमुळे मांडीचा स्नायू जणू झोपी जातो. चालताना गुडघा अचानक दुमडून माणूस पडू नये म्हणून सुरुवातीला पाय सरळ धरून ठेवणं शहाणपणाचं असतं. सोबत गुडघ्यातल्या गादीला टाके घातले असतील तर वाकणं मर्यादेतच हवं. वाटी मोडली असेल किंवा आतल्या बाजूचा लिगामेंट ताणला असेल तर ब्रेसचं काम याहून मोठं असतं. म्हणून वरचा पुरावा वाचून कुणी स्वतःच्या मनाने पट्टा काढू नये. पण ‘राहू दे अजून महिनाभर, सुरक्षित वाटतं’ हेही तितकंच चुकीचं. भीतीपोटी व्यायाम टाळत बांधून ठेवलेला गुडघा आखडतो, मांडी बारीक होते, आणि गेलेली ताकद परत आणायला महिने लागतात.

जितके दिवस घालायचा तितके दिवस तो नीट बसायला हवा. बिजागरी वाटीच्या मध्याच्या रेषेत असावी. ब्रेस खाली घसरला की ती चुकीच्या जागी वाकते. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपतच आवळावं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, एक नस कातडीलगत असते. ती दाबली गेली तर पाऊल बधिर होतं, पंजा वर उचलत नाही. असं झालं तर लगेच सैल करून डॉक्टरांना कळवावं. पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर थांबू नये, थेट रुग्णालय गाठावं. आतलं कापड सौम्य साबणाने गार पाण्यात हाताने धुवावं, वेल्क्रो आधी मिटवून घ्यावेत, नाहीतर त्यात धागे अडकून पकड जाते. वाळवावं सावलीत. पावसाळ्यात कापड लवकर वाळत नाही, आणि ओलसर ब्रेसखाली कातडी खाजते आणि फोड येतात. जास्तीचा एक अस्तर-जोड मिळत असेल तर जरूर घ्यावा.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ‘ब्रेस कधी काढायचा’ एवढंच विचारू नका. गुडघा जराही न वाकवता पाय सरळ वर उचलता येतो का, हे डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना करून दाखवा. पट्टा सोडण्याचा निर्णय घेताना ते आधी हेच पाहतात.