गुंड शेजारी आणि सज्जनांची आळी

मॉर्मन म्हटले की आपल्याला फार तर बहुपत्नीत्व आठवते. मुख्य मॉर्मन चर्चने ती प्रथा सोडत असल्याचे १८९० मध्येच जाहीर केले. पडद्यावर मात्र जुनी प्रतिमा टिकून राहिली. १९११ चा डॅनिश मूकपट ‘अ व्हिक्टिम ऑफ द मॉर्मन्स’ आणि १९२२ चा ब्रिटिश मूकपट ‘ट्रॅप्ड बाय द मॉर्मन्स’ यांत मॉर्मन पुरुष हा तरुणींना जाळ्यात ओढणारा खलनायक आहे. म्हणूनच २००५ चा ‘मॉब्स्टर्स अँड मॉर्मन्स’ हा विनोदी चित्रपट मला अभ्यासण्याजोगा वाटला.

जॉन मॉयर दिग्दर्शित या चित्रपटात माफिया टोळीतला एक गुंड सरकारी साक्षीदार होतो. जिवाला धोका, म्हणून नवे नाव देऊन त्याला बायकामुलांसह युटा राज्यातल्या मॉर्मन वस्तीत आणून ठेवतात. इथे जुन्या भूमिका उलटतात. धोकादायक माणूस बाहेरून येतो आणि मॉर्मन ठरतात सज्जन शेजारी.

यातली गंमत कळायला ‘वॉर्ड’ म्हणजे काय, ते समजून घ्यावे लागते. मॉर्मन माणसाने कोणत्या मंडळीत उपासनेला जायचे, हे सहसा त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरते. त्या मंडळीला वॉर्ड म्हणतात. तिचा प्रमुख, म्हणजे बिशप, बिनपगारी असतो; आपला नोकरीधंदा सांभाळून तो हे काम पाहतो. मुलांना शिकवणे, संगीत सांभाळणे अशी इतर कामे बाकीच्यांत वाटलेली असतात. युटातल्या दाट मॉर्मन वस्तीत एक वॉर्ड काही गल्ल्यांपुरताच असू शकतो. मग शेजार आणि चर्च वेगळे उरत नाहीत. दारू, तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य. अशा आळीत सकाळी कॉफीचा कप घेऊन अंगणात उभा राहिलेला माणूसही परका दिसतो, तिथे गुंडाची काय कथा!

नव्या बिऱ्हाडाची आस्थेने विचारपूस होते, ती खोटी नसते. पण हा पंथ धर्मप्रसार हे कर्तव्य मानतो. मग हा जिव्हाळा शेजाऱ्याला मिळतो, की होऊ घातलेल्या धर्मबंधूला? तो शेवटपर्यंत मॉर्मन झालाच नाही, तर?

मला महत्त्वाचे वाटते ते हे, की असा प्रश्न घरातूनच उपस्थित होऊ शकला. रिचर्ड डचर यांच्या ‘गॉड्स आर्मी’ने २००० साली मॉर्मनांनी मॉर्मनांसाठी काढलेल्या चित्रपटांची लाट आणली, ‘द सिंगल्स वॉर्ड’ (२००२) आणि हा चित्रपट त्याच लाटेतले. त्यांतले बरेच विनोद बाहेरच्याला कळत नाहीत, ही त्यांची मर्यादा खरी. पण हसणारे आणि ज्यांना हसले जाते ते एकच असल्याने टोमणा घरातच पोहोचतो.

तो पोहोचणे गरजेचेही होते. १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्याबाहेर घालवण्याचा हुकूम काढला. १८४६ मध्ये इलिनॉयही सोडावे लागले आणि १८४७ मध्ये त्यांचा पहिला जथा युटात पोहोचला. त्यांची घट्ट वीण या हालअपेष्टांतून आली आहे. ज्यांना कधीकाळी कोणी शेजारी म्हणून राहू दिले नाही, त्यांच्याच आळीत आज परके बिऱ्हाड येते, तेव्हा पारख त्या बिऱ्हाडाइतकीच आळीचीही होत असते.