पत्र्याचा करार करण्यापूर्वी

कोकणात घरावर पत्रा घालायचा असेल, तर दराआधी कोटेशनमधला जाडीचा आकडा वाचा. ‘०.५० मिमी’ ही जाडी नुसत्या पोलादाची, की रंग आणि मुलामा धरून? भार पोलाद पेलतं, रंग नाही. तेव्हा दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

खरी गोम मुलाम्यात आहे. चांगल्या पत्र्यावर ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, सुमारे ४३ टक्के जस्त आणि थोडं सिलिकॉन असतं. ओरखडा पडला की जस्त आधी स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं. ‘एझेड १५०’ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम मुलामा. खाऱ्या हवेत इथे काटकसर नकोच.

स्क्रू उंचवट्यावर मारायचे, पन्हळीत नव्हे. पाणी पन्हळीतूनच वाहतं. जोडांची तोंडं पावसाळी वाऱ्याकडे नकोत. आणि ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका. तापलेले कण रंगात रुततात आणि पुढे तिथेच तांबूस ठिपके उठतात.

शेवटचा हप्ता पहिला मुसळधार पाऊस झाल्यावर, हेही करारातच असू द्या.