‘नळी मोकळी आहे का?’ एचएसजी तपासणी नेमकी काय असते? कर्जत-खालापूरच्या जोडप्यांनी निघण्यापूर्वी काय पाहावे?

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि दिवस राहिले नाहीत, की घरात कुजबुज सुरू होते. मग डॉक्टर कागदावर तीन अक्षरे लिहून देतात : एचएसजी. कर्जत-खालापूर भागातल्या जोडप्यासाठी या तीन अक्षरांमागे बुडालेली मजुरी, लोकलचा प्रवास आणि ‘खूप दुखते म्हणे’ ही भीती असते. ही तपासणी कशासाठी, ती कधी होते आणि अहवालात ‘ब्लॉक’ लिहून आले तर सगळे संपते का? जाणून घेऊया.

नळी कशाला म्हणतात?

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक गर्भनलिका असते. तिची लांबी साधारण 10 ते 12 सेंटीमीटर असते आणि पिशवीलगतच्या भागात आतली वाट जेमतेम एक मिलिमीटरची. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची भेट याच नळीत होते आणि फलित बीज इथूनच पिशवीत येते. दोन्ही नळ्या बंद असतील, तर पाळी नियमित असूनही गर्भ राहत नाही. नळी बंद असल्याचे बाहेरून कळत नाही आणि साध्या सोनोग्राफीत मोकळी नळी सहसा दिसतही नाही. म्हणून वेगळी तपासणी लागते.

आधी कोणाची तपासणी?

नळीच्या तपासणीआधी पतीची वीर्य तपासणी झालेली असावी. ती स्वस्त आहे, तिला इजा-वेदना नाही आणि दोष पुरुषात असण्याचे प्रमाणही मोठे आहे. तरीही अनेक घरांत बाईच्या चार फेऱ्या होतात आणि नवऱ्याची एकही होत नाही. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांनी मिळून तपासणी करावी. पत्नीचे वय 35 च्या पुढे असेल, तर सहा महिनेच थांबावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते.

एचएसजी कशी होते?

एक्स-रे टेबलावर झोपवून योनिमार्गातून बारीक नळी घालतात आणि गर्भपिशवीत औषध सोडतात. हे औषध एक्स-रेमध्ये पांढरे दिसते. ते नळ्यांतून पुढे जाऊन पोटात पसरले, तर नळ्या मोकळ्या. मध्येच अडले, तर तिथे अडथळा असू शकतो. साधारण 10-15 मिनिटांचे काम. भूल सहसा लागत नाही.

दुखते का? औषध आत जाताना पाळीसारखा गोळा येतो. काहींना किंचित, काहींना जोरात. बहुतेकींचे दुखणे थोड्या वेळात ओसरते. डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी तासभर आधी घेता येते. नंतर एक-दोन दिवस थोडे लाल डाग दिसू शकतात. ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल, तर थांबू नये, लगेच दाखवावे.

तारीख चुकली तर फेरी वाया

ही तपासणी रक्तस्राव थांबल्यावर आणि बीज फुटण्याआधी करतात. म्हणजे साधारण पाळीच्या सातव्या ते दहाव्या दिवसात. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला. समजा, पाळी 3 तारखेला आली, तर तपासणी 9 ते 12 तारखेदरम्यान. पाळी आल्यापासून तपासणीपर्यंत शरीरसंबंध टाळावा, कारण गर्भ राहिला असेल तर ही तपासणी करता येत नाही.

कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळे आणि चौक येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. पण एक्स-रे यंत्र आहे म्हणजे एचएसजी होतेच असे नाही. त्यासाठी ते करणारे डॉक्टर आणि साहित्यही लागते. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यामुळे अनेकांची वाट कल्याण, पनवेल किंवा थेट मुंबईची असते. कर्जतहून सीएसएमटी सुमारे 100 किलोमीटर. वीटभट्टीच्या हंगामात गाव सोडणाऱ्या कुटुंबांना तर तारीख जुळवणे आणखी कठीण. म्हणून निघण्यापूर्वी फोनवर चार गोष्टी विचाराव्यात : तपासणी कोणत्या वारी होते, खर्च किती, आधीचे कोणते रिपोर्ट लागतात आणि पाळीच्या कितव्या दिवशी यायचे.

आयोडीनची ॲलर्जी, थायरॉइडचा त्रास, पांढरे जाणे किंवा ओटीपोटात सतत दुखणे असेल, तर ते आधीच सांगावे. संसर्ग असताना एचएसजी केली, तर तो वर पसरू शकतो.

टीबीचा संबंध काय?

आपल्याकडे नळ्या बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे जननमार्गाचा क्षयरोग. खोकला नसतो, वजनही घटलेले नसते, तरी जंतू नळ्यांत घर करतात. जुना संसर्ग, असुरक्षित गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग आणि एंडोमेट्रिओसिस ही आणखी कारणे. घरात कोणाला टीबी झाला असेल, तर लपवू नये. सरकारी दवाखान्यात टीबीचे उपचार मोफत आहेत.

‘ब्लॉक’ म्हणजे शेवट नव्हे

तपासणीच्या वेळी नळीचे तोंड आकुंचन पावले, तर मोकळी नळीही बंद दिसते. पिशवीलगतचा अडथळा दिसला, तर तो खरा आहे का हे पुन्हा पाहावे लागते. दुर्बिणीतून निळे औषध सोडून केलेली लॅपरोस्कोपी अधिक खात्री देते, पण त्यासाठी भूल लागते. सोनोग्राफीखाली सलाइन किंवा फेस सोडूनही नळ्या पाहता येतात. त्यात एक्स-रे नसतो.

एक नळी मोकळी असेल, तर नैसर्गिकरीत्या गर्भ राहू शकतो. नळीत पाणी साठून ती फुगली असेल, तर आयव्हीएफपूर्वी तिचा बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर यशाची शक्यता घटते. दोन्ही बंद असतील, तर काहींना शस्त्रक्रिया, तर काहींना आयव्हीएफ हा मार्ग. 1978 मध्ये जन्मलेल्या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या, लुईस ब्राउनच्या आईच्या नळ्याही बंदच होत्या. 1986 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूनेही टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म घडवला. आज आयव्हीएफ केंद्राला 2021 च्या कायद्यानुसार नोंदणी बंधनकारक आहे. पैसे भरण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारावा.

तपासणीनेच दिवस राहतात का?

असे अनेकदा ऐकू येते आणि त्यात थोडे तथ्य आहे. नेदरलँड्समध्ये 1,119 महिलांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेलयुक्त औषध वापरलेल्या गटात सहा महिन्यांत 39.7 टक्के, तर पाण्यातल्या औषधाच्या गटात 29.1 टक्के महिलांना गर्भ राहिला. पण एचएसजी हा उपचार नाही, तपासणी आहे.

लक्षात ठेवा

- पाळीचा पहिला दिवस मोबाइलमध्ये नोंदवा.
- पतीचा वीर्य तपासणी अहवाल सोबत न्या.
- एचएसजीच्या फिल्म जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांना नुसता अहवाल पुरत नाही.
- त्या दिवशी सोबत कोणीतरी असू द्या. पती असेल तर उत्तम. अहवाल दोघांनी मिळून ऐकावा, कारण प्रश्न दोघांचा आहे.