गावाच्या हवेसाठी अनुदान कुठून आणायचं?

(धनज, ता. कारंजा, जि. वाशिम येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय पैशाचा आहे, पण सुरुवात हवेपासून करू. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. तो शहरांसाठी आहे. आपल्या आजूबाजूची अकोला, अमरावती ही शहरं त्या यादीत आहेत. वाशिम जिल्ह्यातलं एकही गाव नाही. पंधराव्या वित्त आयोगानेही हवेसाठी वेगळा निधी ठेवला, तो दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांना. विदर्भात तो नागपूरला लागू झाला.

म्हणजे आपली हवा चांगली आहे, असं समजायचं का? तसं नाही. चुलीसमोर रोज तीन-चार तास बसणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कुठल्याच शहरी यंत्रात मोजला जात नाही. देशाच्या मानकाप्रमाणे सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सांगितली. बंद स्वयंपाकघरातली चूल यातली कोणतीच मर्यादा पाळत नाही.

तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गावाला "हवा" या नावाने पैसा जवळजवळ मिळत नाही. तो शेती, ऊर्जा, स्वच्छता या नावांनी मिळतो. म्हणून आधी विचारायचं, आपल्याकडे धूर येतो कुठून? मग त्या-त्या धुराचं खातं शोधायचं.

पहिला धूर : पऱ्हाटीचा. कापूस संपला की पऱ्हाटी धुऱ्यावर रचायची आणि पेटवायची, ही आपली सवय. पऱ्हाटी बारीक करणारं श्रेडर यंत्र कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत बसतं. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना साधारण ५० टक्के, इतरांना ४० टक्के, आणि तेही ठरलेल्या कमाल मर्यादेत. पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र विकत घेऊ नका. बिल आधीच्या तारखेचं असलं की अनुदान गेलं. एकट्याला परवडत नसेल तर गटाने अवजारे बँक करावी. अर्जात गुलाबी बोंडअळीचं कारणही लिहा. पऱ्हाटी वेळेत शेतातून काढली की अळीचं चक्र तुटतं, हे कृषी विभागच सांगतो. एकाच यंत्राने धूरही थांबतो आणि अळीही.

दुसरा धूर : चुलीचा. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये आली, घरोघरी सिलिंडर आले. पण दुसरं सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. ज्यांच्याकडे चार-पाच जनावरं आहेत त्यांनी बायोगॅसचा विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं. छोट्या कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होतो. यासाठी केंद्राच्या बायोगॅस कार्यक्रमातून अनुदान असतं. चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा. गावाचं एकत्र संयंत्र करायचं असेल तर स्वच्छ भारत अभियानातली गोबरधन योजना पाहा.

तिसरा धूर : कचऱ्याचा. कचरा पेटवणं थांबवायचं तर तो वेगळा करून कुजवण्याची सोय हवी. वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. पण ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम नसेल तर पैसा असूनही खर्च करता येत नाही. म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेला हजर राहा. राज्याचं माझी वसुंधरा अभियान २०२० पासून आहे. त्यात वायू हा पाचांपैकी एक घटक आहे, आणि चांगल्या ग्रामपंचायतींना बक्षिसं मिळतात.

आता कंपन्यांचा सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्यात ज्या कामांची यादी आहे, त्यात माती, हवा, पाणी यांची गुणवत्ता राखणं स्पष्ट लिहिलंय. वाशिम २०१८ पासून आकांक्षित जिल्हा आहे, आणि सरकारी कंपन्यांनी अशा जिल्ह्यांना प्राधान्य द्यावं अशी सूचना आहे. हे वाक्य प्रस्तावाच्या पहिल्या पानावर टाका. संस्थेमार्फत जायचं असेल तर तिची १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ नोंदणी आधी तपासा.

प्रस्ताव कसा लिहायचा? "प्रदूषण फार वाढले आहे" असं लिहून कोणी पैसे देत नाही. मोजून लिहा. किती घरांत चूल पेटते, किती एकर पऱ्हाटी जळते, कचरा कुठे पेटतो. हे दोन पोरं वही घेऊन आठवडाभरात करतात. सोबत ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा आणि दरपत्रकं जोडा. आणि शेवटचा मुद्दा, जो बहुतेक जण विसरतात: यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, डिझेलचा खर्च कोण उचलणार? भाड्याचा दर ठरवून लिहा. देणाऱ्याला यंत्र गंजत पडण्याचीच भीती असते.

सगळं एकदम मागू नका. यंदा एकच धूर निवडा. तो कमी करून दाखवला, की पुढचा प्रस्ताव तुमच्या वहीतले आकडेच मंजूर करून आणतील.