स्नायूपाशी पोचणारा हुकूम

भीमेच्या पाण्यावर पोसलेला दौंडचा ऊस आणि घोडकाठचा शिरूरचा कांदा ज्याच्या श्रमांवर उभा राहतो, तो शेतकरी दिवसा पाठीवर पंप घेऊन फवारणी करतो आणि रात्री वीज आली की बॅटरी घेऊन दारे धरायला निघतो. दिवसाचे औषध आणि रात्रीची मण्यार ही त्याची दोन्ही संकटे शरीरातील एकाच सूक्ष्म स्थानी आघात करतात.

मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून विद्युत्स्पंदाच्या रूपाने धावत येतो खरा. परंतु तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये मिलिमीटरच्या सुमारे 20,000व्या भागाएवढी फट असते, आणि ती ओलांडण्यासाठी तंतूच्या टोकाशी साठवलेल्या पिशव्यांतून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य बाहेर पडून पलीकडच्या ग्राहकांना जाऊन चिकटते, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. हुकूम बजावला गेला की तो तत्क्षणी खारिजही व्हावा लागतो. ते काम फटीतले एक विकर ते द्रव्य मोडून करते. हेच द्रव्य हृदयाची गती मात्र मंद करते, हे ओटो लोवी यांनी 1921 साली बेडकाच्या हृदयावर दाखवले, आणि 1936 चे नोबेल पारितोषिक त्यांना हेन्री डेल यांच्यासमवेत मिळाले.

क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस ही फवारणीची औषधे त्या विकरालाच निकामी करतात. मग द्रव्य साचत जाते: लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दंडाचे मांस फडफडते, छाती कफाने भरते, आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक जीव गेले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. अशा वेळी भिजलेले कपडे ताबडतोब उतरवून अंग साबणपाण्याने धुणे आणि दवाखाना गाठणे अगत्याचे. तेथे दिले जाणारे ॲट्रोपीन, जे आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असते, कफ आणि हृदयाची मंदी आवरते. स्नायूंवर मात्र त्याचा अंमल चालत नाही, म्हणून कृत्रिम श्वासाची सोय लागते.

आता रात्रीचे संकट, म्हणजे साप: नागाचे विष उलट ग्राहकच अडवून बसते. तेथे निओस्टिग्मिन हे औषध, प्रतिविष आणि ॲट्रोपीन यांच्या जोडीने, त्याच विकराला मोजक्या प्रमाणात रोखून द्रव्य वाढवते. शेतात जी क्रिया घातक, ती इथे उपकारक ठरते. मण्यार मात्र तंतूच्या टोकातील साठाच उद्ध्वस्त करते; दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, काही तासांनी पापण्या मिटू लागतात, आणि एकदा झालेली हानी प्रतिविषानेही भरून निघत नसल्यामुळे टोके पुन्हा सावरेपर्यंत रुग्णाला कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते.