गोळी पोटात, आग तळहातावर

अमरावती-अकोल्याकडचे कितीतरी कर्करोगाचे रुग्ण नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात जातात आणि गोळ्या घेऊन गावी परततात. केपेसिटाबीन ही अशीच घरी घ्यायची गोळी. स्तनाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ती देतात. बहुधा 14 दिवस दोन वेळा, मग 7 दिवस विश्रांती. काही आठवड्यांत अनेकांच्या तळहात-तळपायांना मुंग्या येतात, कातडी लाल होते, सोलते, तिला भेगा पडतात. घरचे म्हणतात, उष्णता झाली. कोणी रुग्णाची भांडी वेगळी ठेवते. हा संसर्ग नव्हे, हा औषधाचाच परिणाम आहे.

पण तळहातच का? शरीरात या गोळीचे फ्ल्युरोयुरॅसिल बनते. डीएनएसाठी लागणारा थायमिनचा घटक तयार करणारे विकर त्याला आपला कच्चा माल समजून धरते आणि अडकून पडते. मग पेशीला डीएनएची नक्कल करता येत नाही, विभाजन थांबते. (नववी-दहावीला पेशीविभाजन शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.) गोळीचे रूपांतर शेवटच्या पायरीवर ज्या विकरामुळे होते, ते गाठीत भरपूर असते, औषधाची खुबी हीच. मात्र पाठीच्या कातडीपेक्षा तळहाताच्या कातडीतही ते जास्त आढळते, आणि तिथल्या पेशी वेगाने विभागतात. घर्षणाने व उष्णतेने त्रास वाढतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर, अनवाणी पाय, हातात विळा, नाहीतर कापसाच्या बोंडांची टोके! तेव्हा सैल चप्पल, कोमट पाणी आणि 10 टक्के युरियाचे मलम, एवढे पहिल्या दिवसापासून हवे.

दिल्लीच्या एम्सने 264 रुग्णांवर केलेला प्रयोग 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. सांधेदुखीला चोळतात तो 1 टक्का डायक्लोफिनॅक जेल हातांना लावणाऱ्यांत मध्यम वा तीव्र त्रास 3.8 टक्क्यांना झाला. नुसते साधे जेल लावणाऱ्यांत 15 टक्क्यांना. अर्थात डॉक्टरांना विचारूनच, आणि भेगाळलेल्या कातडीवर मुळीच नाही.

गोळी चुकली तर गाठ वाढेल, या भीतीने रुग्ण दुखणे लपवतात. माझ्या मते खरा धोका इथे आहे. गुंडी लावताना, चालताना दुखू लागले की पुढची गोळी घेण्याआधी रुग्णालयाला फोन करावा. डॉक्टर काही दिवस औषध थांबवतात, गरज पडल्यास मात्रा कमी करतात. कातडी भरून येते.

आणखी एक. बोटांचे ठसेही पुसट होतात. सिंगापूरच्या एका रुग्णाला याच कारणाने अमेरिकेच्या विमानतळावर अडवल्याची नोंद 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे रेशनच्या यंत्राने अंगठा नाकारला, तर डॉक्टरांचे पत्र जवळ असू द्यावे.