‘घर’ शोधलं, तर सापडतं का?

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चौरस फुटांचं घर आलं, हे सगळ्यांनी वाचलं आहे. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरही पुनर्विकासाचं काम सुरू आहे, गिरगाव-लालबागच्या खासगी चाळींत बैठकांवर बैठका होताहेत. पण गॅलरी गेल्यावर, आणि त्याआधी भाड्याच्या घरांत पांगल्यावर, या माणसांनी एकमेकांशी बोलायचं कुठे?

‘व्हॉट्सॲप आहे की!’ हे ठरलेलं उत्तर. तिथे गणपतीची वर्गणी, सुप्रभातची फुलं, लिफ्टची तक्रार आणि विकासकाच्या कराराचा मसुदा एकाच नळाला येतात. मेंटेनन्सचा दर कसा ठरला, हे दर महिन्याला कोणीतरी नव्याने विचारतं आणि सेक्रेटरी तीच पीडीएफ पुन्हा टाकतात. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, म्हणजे जागेची अडचण नाही. अडचण आहे ती विषयवार लावणीची. म्हणून सोसायटीने स्वतःचा चर्चामंच उभारावा हा विचार मला पटतो. त्यासाठी लागणारं मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर फुकट मिळतं, खर्च येतो तो सर्व्हरचा आणि ते सांभाळणाऱ्या माणसाच्या वेळेचा.

मराठी माणसाला हे नवं नाही. ‘मायबोली’ १९९६ पासून चालू आहे. पुढे ‘मिसळपाव’, ‘ऐसी अक्षरे’ आली आणि ‘द्रुपल’ या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरवर मराठीत कडाकडा भांडणं झाली. पण तो वाचक टेबलावरच्या कॉम्प्युटरसमोर बसलेला होता. आजच्या चाळकऱ्याच्या हातात फोन आहे, आणि घरातल्या आजोबांच्या हातात बहुधा नातवाने टाकलेला जुना फोन.

मोबाइलपुरतं बोलायचं तर निवड चर्चामंचाच्या तीन सॉफ्टवेअरांत आहे. ‘डिस्कोर्स’ २०१३ मध्ये आलं. फोनवर ते सर्वांत देखणं दिसतं, होम स्क्रीनवर ॲपसारखं बसतं, सूचना पाठवतं. मात्र त्याला स्वतंत्र सर्व्हर आणि किमान एक जीबी मेमरी लागते, आणि ब्राउझर फार जुना असला तर ते फक्त वाचण्यापुरतं साधं पान दाखवतं. ‘फ्लॅरम’ हलकं आहे, स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवरही चालतं, अंगठ्याने वापरायला सोपं आहे. ‘पीएचपीबीबी’ २००० सालचं. २०१४ च्या ३.१ आवृत्तीपासून ते छोट्या पडद्यावर नीट मावतं. दिसायला जुनाट, पण जुन्या फोनवरही तग धरतं.

तुलनेचे बहुतेक लेख इथेच थांबतात, कारण ते इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी असतात. आपली खरी परीक्षा शोधाच्या चौकटीत आहे. तिथे ‘घर’ लिहून पाहा. ‘घर’ म्हणजे दोन अक्षरं, आणि तिन्ही ठिकाणी मूळ मांडणीत तीन अक्षरांहून लहान शब्द शोधातून गळतात. ‘कर’ गळतो, ‘मत’ गळतं. पुनर्विकासाच्या चर्चामंचावर घर, कर आणि मतच सापडणार नसेल, तर तो हवा कशाला?

उपाय आहे, पण तिघांचा सारखा नाही. डिस्कोर्समध्ये व्यवस्थापकाच्या पानावर आकडा बदलता येतो. पीएचपीबीबीतही येतो, फक्त शोधसूची नव्याने बांधावी लागते. फ्लॅरमचा शोध मायएसक्यूएलवर टेकलेला आहे. तिथे खुद्द डेटाबेसची मांडणी बदलून तो पुन्हा सुरू करावा लागतो, आणि स्वस्तातलं होस्टिंग नेमकं तेवढंच करू देत नाही. म्हणजे ज्या स्वस्ताईसाठी फ्लॅरम घ्यायचं, तीच मराठीच्या आड येते. डिस्कोर्स शब्दाच्या सुरुवातीवरून शोधतं, त्यामुळे ‘घर’ लिहिल्यावर ‘घरात’, ‘घराचा’ही हाती लागतात. ‘गाळा’ शोधल्यावर ‘गाळ्याची’ मात्र त्यालाही गवसत नाही. मराठीचं सामान्यरूप यातल्या कोणालाच कळत नाही.

डिस्कोर्सची आणखी एक खोड: मराठी शीर्षकाचा पत्ता तयार करताना ते मूळ मांडणीत देवनागरी गाळून टाकतं, आणि सभासदाला मराठी नाव घेऊ देत नाही. दोन्ही गोष्टी मांडणीत बदलता येतात. ते पहिल्याच दिवशी करावं.

माझा कौल असा: सर्व्हर सांभाळणारा जाणता सभासद असेल, तर डिस्कोर्स. नसेल, तर पीएचपीबीबी. देखणेपणावर भाळून फ्लॅरम घेऊ नये, निदान मराठी मजकुरासाठी तरी.

कोणतंही घेतलं तरी सॉफ्टवेअर जुनं होतं. द्रुपलच्या सातव्या आवृत्तीची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ ला संपली, आणि ज्यांनी आधी हालचाल केली नाही त्यांच्यामागे धावपळ लागली. मुक्त-स्रोत म्हणजे बिनखर्ची, हा समज तिथेच फसतो. म्हणून आधी वार्षिक सभेत ठराव करा: डोमेन सोसायटीच्या नावावर, पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे, बॅकअप महिन्याला एक आणि देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात. हौशी तरुणाने स्वतःच्या नावावर डोमेन घेतलं, पुढे तो परदेशी गेला, की सगळ्या चर्चेची चावी त्याच्याबरोबर जाते. सॉफ्टवेअरची निवड या ठरावानंतरची गोष्ट आहे.